चौघांसमोर उतरवलेलं तेल

‘वरचं बूच पहिले खोला, साडभाऊ,’ ईश्वर म्हणाला.

मी जिप्सीच्या खाली पोतं अंथरून उताणा पडलो होतो. तिथून मला त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि त्याच्या शेजारी आणखी चार माणसांचे.

‘मले शिकवू नको,’ मी खालूनच ओरडलो. ‘तू तिथंच उभा राय. गाडीले हात लावाचा नाही, ठरलं हाये.’

‘हात कुठं लावून रायलो? रीत सांगून रायलो. वरचं खुलते का नाही ते पाहून मंग खालचं खोलाचं, हे लहान लेकराले बी समजते.’

‘चूप राय, ईश्वर,’ बाबारावजी म्हणाले. ‘प्रल्हाद, तू खोल तुह्या हिशेबानं.’

ईश्वरचं म्हणणं बरोबर होतं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, त्या डिफ्रेन्शलला दोन बुचं असतात. खालच्यातून जुनं तेल उतरतं, वरच्यातून नवं भरतात. खालचं आधी खोललं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं तर गाडी रिकाम्या पोटी अंगणात अडकून पडते, म्हणून वरचं आधी सैल करून बघायचं ही आमच्याकडच्या प्रत्येक जिप्सीवाल्याची सवय. माझीही होती. पण ते ईश्वर सांगत होता, आणि त्या दिवसांत ईश्वरने सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी मी पश्चिमेकडे तोंड केलं असतं. मी पाना खालच्या बुचाला लावला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बेलझरी हे आमचं गाव वाघांच्या जंगलाच्या एका गेटवर आहे. पर्यटकांना उघड्या जिप्सीतून जंगल दाखवायचं, यावर गावातली तीस घरं जगतात. ईश्वर दडमल माझा साडू, म्हणजे मंदाच्या, माझ्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. जिप्सी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. एक दिवस तो चालवायचा, एक दिवस मी. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग पर्यटक त्याचं नाव घेऊन यायला लागले. ‘ईश्वरभाऊ आहेत का?’ असं फोनवर विचारायचे, आणि आज त्याची पाळी नाही म्हटलं की उद्याचं बघू म्हणायचे. वाघ मलाही दिसायचे, पण त्याला ते दाखवता यायचे. गाडी अशी वळवून उभी करायचा की मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही नीट फोटो मिळायचा. माझ्या पोटात दुखायचं. आज हे सरळ लिहितो आहे. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

पावसाळ्याचे तीन महिने जंगल बंद असतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बंद जंगलात, मोठ्या नाल्याच्या पलीकडे, जिप्सीच्या चाकोऱ्या सापडल्या. एका वनमजुराला पहाटे लांबून माणसं भरलेली हिरवी जिप्सी दिसली होती. नंबर दिसला नाही, आणि आमच्या गेटवर सगळ्याच जिप्स्या हिरव्या. वनखात्याच्या साहेबांचा निरोप आला की एक ऑक्टोबरला गेट उघडायच्या आत नाव द्या, नाहीतर तुमच्या गेटची एकही गाडी आत जाणार नाही. तीस घरांच्या चुली एका नावापाशी अडल्या.

ते नाव मी दिलं. त्या आठवड्यात मी आणि मंदा आईच्या मोतीबिंदूसाठी नागपूरला होतो. घराला कुलूप, गाडी माझ्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये उभी, आणि तिची दुसरी किल्ली ईश्वरकडे. शेजारच्या म्हातारीने दिवस मावळताना माझ्या अंगणात कोणीतरी माणूस पाहिला होता. किलोमीटरचा आकडा दोन वर्षांपासून बंद पडलेला, त्यामुळे गाडी चालली की नाही ते तिच्याकडून कळणार नव्हतं. मला मात्र कळलं होतं. मला तसं वाटलं नव्हतं, कळलंच होतं, इतकी माझी खात्री होती.

गेटवर बैठक बसली. बाबाराव श्रीरामे हे आमच्या जिप्सीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, सगळ्यात वडीलधारे. त्यांनी ईश्वरला विचारलं, तसा तो उठला आणि गेटजवळच्या वाघदेवाच्या दगडावर त्याने हात ठेवला.

‘गाडी मी नेली नाही,’ तो म्हणाला. ‘नेणं तं सोडा, पावसाळाभर मी त्या गाडीच्या अंगाले बोट नाही लावलं.’

जंगलात पोट असलेली माणसं वाघदेवावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. बैठक त्याच्या बाजूला झुकली हे मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

‘शपथ राहू द्या बाजूले,’ मी म्हणालो. ‘तेल पाहा. नाल्याले तवा कमरेएवढं पाणी होतं. तेवढ्या पाण्यातून गाडी गेली तं डिफ्रेन्शलमंदी पाणी शिरल्याबिगर राहत नाही. तेल काळं निघालं तं मी इथंच, या दगडासमोर, ईश्वरचे पाय धरतो. पांढरं निघालं तं त्याचं नाव द्या आन् माह्या गाडीतून त्याले मोकळं करा.’

तेलात पाणी मिसळलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं, हे आमच्या गेटवर सांगावं लागत नाही. सगळ्यांना ते पटलं. ईश्वरनेही मान हलवली, अगदी बेफिकीर. ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात, चौघांसमोर तेल उतरवायचं. ज्याच्यावर आळ आहे त्याने गाडीला हात लावायचा नाही.

तर सकाळी मी आणि बाबारावजी गाडी घेऊन शेताच्या रस्त्याने चार किलोमीटर फिरून आलो. गाडी चालली की तेल गरम होऊन पातळ होतं आणि भराभर उतरतं. अंगणात गाडी उभी केली, चाकांना दगड लावले, घमेलं खाली सरकवलं. बाबारावजी, कवडू गाइड आणि दोन जिप्सीवाले समोर उभे राहिले. ईश्वर त्यांच्या बाजूला. त्याची बायको रंजना आठ वर्षांच्या पोरीला घेऊन कुंपणापाशी थांबली होती, आणि मंदा दारात. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

बूच घट्ट होतं. पान्यावर पाय देऊन जोर लावला तेव्हा ते सुटलं. मग बोटांनी फिरवत आणलं आणि शेवटच्या आट्याला हात काढून घेतला. तेलाची जाड धार घमेल्यात पडली.

पांढरट, तांबूस, फेसाळ. कवडू खाली वाकला, त्याने धारेत बोट घातलं आणि वर उजेडात धरलं.

‘पाणी हाये जी,’ तो बाबारावजींना म्हणाला. ‘चांगलंच हाये.’

मला हसू आलं. लपवायचा प्रयत्नही मी केला नाही. गाडीखाली पडल्या पडल्या हसलो, मोठ्याने. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा इतकं गोड काही मी खूप दिवसांत चाखलं नव्हतं.

‘पुढचं बी खोला,’ ईश्वर म्हणाला. त्याचा आवाज आता बेफिकीर नव्हता.

‘पुढचं कायले?’ मी म्हणालो. ‘दिसलं ना सगळ्यायले?’

‘फोरव्हील गाडी हाये. पुढं बी डिफ्रेन्शल हाये, मागं बी. गाडी नाल्यात पहिले तोंड घालते का बूड? मागच्यात पाणी शिरलं तं पुढच्यात शिरलंच पायजे. खोला म्हणतो ना मी.’

बाबारावजींनी खोल म्हटलं. मी पोतं घेऊन पुढे सरकलो आणि पुढचं बूच काढलं. तेल काळं निघालं. जुनं, जळकट वासाचं, पण स्वच्छ काळं. पाण्याचा थेंब नव्हता.

शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. गाडीखालून अर्धा बाहेर आलो आणि बाबारावजींना सांगायला लागलो की नाला चढताना गाडीचं तोंड वर होतं आणि बूड पाण्यात बसतं, मागे माणसं भरलेली असली तर आणखीच बसतं. मागचं तेल खराब झालं आणि पुढचं राहिलं, हे तर पक्कंच झालं की गाडी भरलेली होती. बोलता बोलता मला स्वतःलाच ते फार पटत गेलं.

‘होऊ शकते,’ कवडू म्हणाला. ‘मांगं पाच-सहा जण बसले असन तं दबते गाडी.’

‘काय होऊ शकते?’ ईश्वर त्याच्यावर खेकसला. ‘तुह्या बापानं तरी पायलं होतं काय असं?’

‘बापावर जाऊ नको, ईश्वर.’

‘मंग अकलेचं बोल. बाबारावजी, मी सांगतो ते आयका. मागचं वरचं बूच पाहा. आत्ता पाहा, सगळ्यायसमोर.’

बाबारावजींनी त्याच्याकडे वळून बघितलं. ‘काऊन? वरच्या बुचात काय हाये?’

ईश्वरने तोंड उघडलं. मी खालून बघत होतो, त्यामुळे मला त्याचा चेहरा नीट दिसला. तो काहीतरी बोलणार होता. मग त्याची नजर कुंपणाकडे गेली, रंजनाकडे आणि पोरीकडे, आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

‘बोल ना,’ बाबारावजी म्हणाले.

‘काही नाही. पाहा म्हणतो फक्त.’

‘तेल भराच्या वक्ताले खोलतोच ना ते,’ मी म्हणालो. ‘जवा बोलाले काही राहत नाही तवा माणूस असा बुचावर येते.’

दोघे जिप्सीवाले हसले. तिथेच सगळं ठरून गेलं. बाबारावजींनी नवं तेल भरून घे म्हटलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मंदाने चहा ठेवला असावा, आतून भांड्यांचा आवाज येत होता. ईश्वर जागचा हलला नाही.

मी पुढचं तेल भरलं, तेलाची पिचकारी घेऊन पुन्हा मागच्या चाकांमध्ये शिरलो, खालचं बूच बसवलं आणि वरचं खोलायला पाना वर नेला. पाना कशालाच लागला नाही. चिखलाचा थर होता तिथे चाचपलं. बूच नव्हतं. भोकात बोट गेलं ते एका ओल्या, तेलकट चिंधीत.

मी ती चिंधी ओढली. निळ्या पट्ट्यांची होती. माझ्या जुन्या लुंगीची.

जून महिन्यातली शेवटची फेरी झाली त्या दिवशी मीच वरचं बूच काढून तेल पाहिलं होतं. बुचाखालचा तांब्याचा वॉशर झिजून फाटलेला निघाला. नवा चंद्रपूरहून आणू म्हणून बूच कागदात गुंडाळून पान्यांच्या डब्यात टाकलं आणि भोकात किडामुंगी जाऊ नये म्हणून लुंगीची चिंधी कोंबली. दुसऱ्या दिवशी शेतातल्या मोटरपंपाचा पाइप लावून गाडीचं बूड धुतलं, वर्षभराचा चिखल निघावा म्हणून. पंपाच्या धारेसमोर चिंधी ती काय टिकणार. नंतर आईच्या डोळ्यांचं निघालं, पेरणी निघाली, आणि चंद्रपूर, वॉशर, बूच, सगळं माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

म्हणजे घमेल्यातलं पाणी नाल्याचं नव्हतं. माझ्याच विहिरीचं होतं.

मी किती वेळ तसा पडून राहिलो माहीत नाही. फार नसेल. ईश्वरचे पाय समोर होते, चाकापासून हातभर अंतरावर. मला फक्त चिंधी हातात धरून बाहेर यायचं होतं आणि सांगायचं होतं. वाघदेवासमोर त्याचे पाय धरायचे होते. ओट्यावर बसलेली माणसं हसली असती, मग ती हकिकत गेटवर पोचली असती, मग पुढची दहा वर्षं कोणीही माझ्याकडे बघून म्हटलं असतं, बूच लावलं काय रे प्रल्हाद? ईश्वरही म्हणाला असता. त्याला तर आयतंच सापडलं असतं.

आणि मी स्वतःशी म्हणालो की चिंधीमुळे तो निर्दोष ठरत नाही. तेलातून काही सिद्ध होत नाही एवढंच. गाडी त्याने नेली असेलच. म्हातारीने माणूस पाहिला होता तो कोण मग?

इतकं डोकं माझं कधीच भरभर चाललं नव्हतं. मी हात लांब करून पान्यांचा डबा खाली ओढला. तळाशी कागदाची पुडी होती. चिंधी हाफपँटच्या खिशात कोंबली, पिचकारीने तेल भरलं, भोकातून ओघळायला लागलं तसं बूच बसवलं आणि वॉशरशिवायच करकचून आवळलं. कागद तोंडात घालून चावून थुंकला. ही गोष्ट मी मंदालासुद्धा कधी सांगितली नाही.

बाहेर आलो तर ईश्वर माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. बाकी कोणी बघत नव्हतं.

‘होतं बूच?’ त्याने हळू विचारलं.

‘होतं,’ मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. जणू एवढंच त्याला ऐकायचं होतं. मग तो कुंपणाकडे गेला, पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि निघाला. रंजना त्याच्यामागे. मंदा चहाचे कप घेऊन बाहेर आली, तिने बहिणीला हाक मारली. रंजना वळली.

‘मंदाताई, तुह्या घरी पाणी प्यायले बी येणार नाही आता,’ ती म्हणाली. ‘मायच्या घरी तू जाशीन त्या दिवशी मी नाही, मी जाईन त्या दिवशी तू नको.’

हे दोघींनी आजतागायत पाळलं आहे.

ईश्वरचं नाव गेलं. गेटच्या यादीतून त्याला कायमचं काढलं, आणि इतर गेटवाल्यांनाही कळलंच, त्यामुळे तिकडेही कोणी उभं केलं नाही. त्याचा गाडीतला हिस्सा बाबारावजींनी ठरवला तसा मी देऊन टाकला. दिवाळीच्या आधी तो बायकोपोरीला घेऊन गाव सोडून गेला आणि कोळशाच्या एका खाणीवर डंपर चालवायला लागला. जंगलातल्या प्रत्येक पाणवठ्याची वाट ठाऊक असलेला माणूस, तो खड्ड्यातून वर आणि वरून खड्ड्यात कोळसा-माती वाहायला लागला. मला कधी कधी वाईट वाटायचं. बहुतेक वेळा वाटायचं नाही, कारण आता जिप्सी रोज माझ्याकडे होती.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका गेटचा जिप्सीवाला बंद जंगलात रंगेहाथ सापडला. चौकशीत त्याने मागचंही कबूल केलं, ऑगस्टमधली ती फेरीही. तो दिवस, तो नाला, सगळं जुळलं. आता सगळे ईश्वरला बोलावतील, मग तेलाचं काय असं कोणीतरी विचारेल, आणि मग माझं बिंग फुटेल, असं मला वाटत होतं. मी बाबारावजींच्या घरी गेलो. कशाला गेलो ते मलाही नीट माहीत नव्हतं. कदाचित सांगायलाच गेलो असेन.

‘ईश्वरचं काय मग?’ मी विचारलं.

‘काय ईश्वरचं?’ बाबारावजी म्हणाले. ‘हा बी गेला असन, तो बी गेला असन. तेल तं आपण आपल्या डोळ्यानं पायलं ना?’

‘हो,’ मी म्हणालो, आणि घरी आलो.

त्यानंतरची नऊ वर्षं मी जिप्सी चालवली. मग जुन्या गाड्या जंगलातून काढायचा हुकूम निघाला आणि मी ती विकली. विकली त्याच्या चौथ्या दिवशी एसटीने खाणीच्या वसाहतीत गेलो. ईश्वरचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो रात्रपाळी करून आलेला, दारात खाटेवर बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून तो उठला नाही.

‘बसा,’ म्हणाला. खाटेवर नाही, समोरच्या दगडाकडे बोट दाखवून.

रंजना दारात आली, मला पाहिलं आणि आत निघून गेली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. वॉशर, चिंधी, पंप, पुडी. एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. तो ऐकत राहिला. मधे एकदाही त्याने ‘काय?’ असं विचारलं नाही.

‘मले माहीत होतं,’ माझं संपल्यावर तो म्हणाला.

‘कवा समजलं?’

‘तुमी नागपूरले होते तवाच. म्हातारीनं पायला तो माणूस मीच होतो.’ त्याने तंबाखू मळायला घेतली. ‘तुमच्यावर भरोसा नव्हता मले. माह्या पाठीमागं तुमी गाडी फिरवता असं मले वाटे. चिखल लागला काय ते पाहाले बुडाखाली शिरलो होतो. तवा तुमची चिंधी दिसली.’

‘मंग मले सांगतलं काऊन नाही?’

‘तुमची मजा पाहाले. म्हणलं, सीझन सुरू होऊ दे, डिफ्रेन्शल बोंबलू दे. साडभाऊची अक्कल गेटवर दिसू दे सगळ्यायले.’

‘आन् त्या दिवशी? त्या दिवशी तरी बोलाचं ना चौघात.’

‘काय बोलू? आदल्या दिवशी वाघदेवावर हात ठेवून बसलो होतो. गाडी नेली नाही, एवढंच म्हणलो असतो तं भागलं असतं. तोऱ्यात जास्तीचं बोललो, बोट नाही लावलं म्हणून. आता चिंधी हाये म्हणलं तं बाबारावजी पहिले हेच विचारतीन, तुले कसं माहीत. एक शपथ खोटी तं दुसरी बी खोटीच. पोरगी उभी होती समोर. म्हणून म्हणत होतो, बूच पाहा. तुमच्याच हातानं निघू द्या. तुमच्या हातानं निघालं तं तुमी सांगान, एवढं मले वाटलं होतं.’

खरं सांगतो, हे ऐकून मला बरं वाटलं. अकरा वर्षं जे एकट्याने वाहिलं त्यातलं अर्धं आता त्याच्या खांद्यावर टाकता येईल असं वाटलं.

‘म्हणजे चूक दोघायची बी झाली,’ मी म्हणालो.

ईश्वरने वर बघितलं. आवाज चढवला नाही.

‘माह्या पोरीनं शाळा सोडली ती सातवीत. इथं बी आपल्या गावचे पोट्टे आले होते शिकाले, त्यायनं सगळ्यायले सांगतलं, चोराची पोरगी हाये. तुमच्या पोराले कोणी काही म्हणलं काय?’

त्याने तळहातावरच्या तंबाखूवर थाप मारली.

‘गाडी विकून झाल्यावर आठवण आली तुमाले,’ तो म्हणाला. ‘आन् आले बी तं माह्याकडं. मले कायले सांगता? मले तं पहिलेपासून माहीत हाये. त्या चौघायले सांगा. गेटवर उभं राहून सांगा. मंग या, खाटेवर बसवतो.’

त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी परतीच्या एसटीत ठरवलं की उद्याच सांगायचं. कोणत्या शब्दांत सांगायचं तेही पाठ केलं.

त्याला आता पाच महिने झाले. बाबारावजी मागेच वारले, एक जिप्सीवाला मुलाकडे पुण्याला गेला. दुसरा रोज गेटवर भेटतो. कवडू तर संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. परवा नव्या ड्रायव्हर पोरांचा विषय निघाला आणि तो म्हणाला, ‘ईश्वरसारखा गाडी चालवणारा या गेटनं पुन्हा पायला नाही. हात सोन्याचा होता लेकाचा. पण नियत चोराची.’

मंदा चहा घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

‘जाऊ दे ना कवडू,’ मी म्हणालो. ‘झालं गेलं. मी तं केवाच माफ केलं त्याले.’